मोटारीच्या ब्रेक पॅडची निवड : घर्षण, उष्णता आणि स्थैर्य

१. विषयप्रवेश

ब्रेक पॅड हा मोटारीचा झिजण्यासाठीच योजिलेला भाग होय. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या डिस्कवर तो दोन्ही बाजूंनी दाबला जातो, आणि प्रत्येक वेळी स्वतःचा अल्पसा अंश गमावून गाडीचा वेग कमी करतो. नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याचा थर सामान्यतः १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो. झिजून तो २ ते ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलणे अपरिहार्य होते.

बदलण्याची वेळ आली म्हणजे निवडीचा प्रश्न उपस्थित होतो. एकाच मोटारीसाठी दुकानात अनेक प्रकारचे पॅड मिळतात: मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या वेष्टनातील, केवळ पॅडच बनविणाऱ्या कारखान्यांचे, वेष्टनावर ‘सिरॅमिक’ हा शब्द ठळकपणे छापलेले, आणि कोणतीही खूण नसलेले स्वस्त. ग्राहक यांतून निवड करतो ती बहुधा तीन गोष्टींवरून. किंमत किती, चाकावर काळी धूळ किती साचते व आवाज किती होतो, आणि पॅड बसविल्यावर गॅरेजभोवतीच्या एका फेरीत ब्रेक कसा ‘पकडतो’, या त्या तीन गोष्टी होत. या तिन्ही कसोट्या निरर्थक आहेत असे नाही. परंतु तिन्ही थंड ब्रेकवर लावलेल्या आहेत, हा त्यांच्यातील समान दोष होय. ब्रेकची खरी परीक्षा तो तापल्यावर होते. यास्तव पॅडची निवड त्याच्या घर्षणाच्या परिमाणावरून न करता त्या घर्षणाच्या स्थैर्यावरून केली पाहिजे, आणि पॅड ही स्वतंत्र वस्तू न मानता डिस्क, ब्रेक ऑइल व दुसऱ्या आसावरील ब्रेक यांच्याशी जोडलेला एक घटक मानली पाहिजे. या विधानाची उपपत्ती पुढे दिली आहे.

२. घर्षणगुणांकाचे स्थान

पायाने दाबलेल्या पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या द्वारे कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत पोहोचतो व पिस्टन पॅडला डिस्कवर रेटतो. चाकावर निर्माण होणारे अवरोधक आघूर्ण तीन राशींवर अवलंबून असते: पॅडवरील दाब, डिस्कची परिणामी त्रिज्या आणि पॅड व डिस्क यांमधील घर्षणगुणांक. पहिल्या दोन राशी मोटारीच्या रचनेने ठरून गेलेल्या असतात. पॅड बदलणाऱ्याच्या हाती उरते ती केवळ तिसरी.

त्यावरून घर्षणगुणांक जितका अधिक तितका पॅड चांगला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. मोटार अखेरीस थांबते ती टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाने. थंड स्थितीत कोणताही योग्य पॅड चाक जाम करण्याइतके, किंवा चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा कार्यान्वित होण्याइतके, आघूर्ण सहज देतो. त्यापुढे पॅडचा घर्षणगुणांक वाढविल्याने थांबण्याचे अंतर कमी होत नाही. फक्त पेडल हलके लागते. टायरची पकड ही मर्यादा पॅडला ओलांडता येत नाही.

घर्षणगुणांक उतरला म्हणजे मात्र चित्र पालटते. समजा, एखाद्या पॅडचा घर्षणगुणांक ०.४० आहे आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका विशिष्ट जोराने पेडल दाबल्यास गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट मंदनाने थांबते. थांबण्याचे अंतर सुमारे ४९ मीटर येते. आता तापल्यामुळे घर्षणगुणांक ०.२५ झाला आणि पेडलवरील जोर तोच राहिला, तर मंदन ०.५ पट होऊन अंतर सुमारे ७९ मीटर होते. हा ३० मीटरांचा फरक टाळावयाचा असेल तर चालकास पूर्वीच्या १.६ पट जोर लावावा लागेल, आणि तो लावावयास हवा ही जाणीव त्यास क्षणार्धात व्हावी लागेल. पॅडमधील घर्षणद्रव्याची गुणवत्ता या ३० मीटरांत सामावलेली आहे.

३. उष्णतेचा हिशेब

ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र होय. प्रवासी व सामान धरून १५०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सुमारे ५.८ लक्ष ज्यूल असते. त्यातील ७० टक्के भाग पुढील दोन ब्रेकांवर पडतो असे धरल्यास प्रत्येक पुढील डिस्कच्या वाट्यास सुमारे २ लक्ष ज्यूल येतात. डिस्क ७ किलोग्रॅमची असेल, तर एकदा थांबण्याने तिचे तापमान सुमारे ५८ अंश सेल्सियसने वाढेल. ही वाढ काळजीची नव्हे.

घाट उतरताना हा हिशेब अगदी निराळा होतो. मुंबई–पुणे मार्गावर खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना रस्ता सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. याच मोटारीची या उतारात मोकळी होणारी स्थितिज ऊर्जा ७३.५ लक्ष ज्यूल भरते. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा थांबण्याच्या पावणेतेरा पट. ही सर्व ऊर्जा ब्रेकांनीच शोषली आणि हवेने डिस्क मुळीच थंड झाली नाही असे कल्पिल्यास पुढील डिस्कचे तापमान ७०० अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. टायरांचा लोटनविरोध व हवेचा विरोध एक भाग घेतात, खालच्या गिअरमधील इंजिन दुसरा भाग घेते, आणि डिस्क वाऱ्याने सतत निवत असते. परंतु न्यूट्रलमध्ये, अथवा वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा चालक इंजिनाचे साहाय्य नाकारतो व सगळा भार पॅडवर टाकतो. थंड डिस्कवर उत्तम ठरलेल्या पॅडची मर्यादा अशा वेळी उघडी पडते.

४. पॅडचे घटक व तापल्यावर होणारे बदल

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकसाठी ॲस्बेस्टॉसचे अस्तर प्रचारात आणले. उष्णतेने न जळणारा, लवचीक व स्वस्त असा हा तंतू अनेक दशके निर्विवादपणे वापरला गेला. त्याच्या सूक्ष्म धुळीने फुप्फुसांचे असाध्य विकार व कर्करोग होतात हे सिद्ध झाल्यावर त्याचा त्याग करावा लागला. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ मध्ये, आणि युरोपीय संघात सर्वत्र २००५ च्या आरंभापासून बंदी आली. त्याची जागा घेणारा एकच पदार्थ सापडला नाही. त्यामुळे आजचा पॅड हा दहा-वीस पदार्थांचे मिश्रण झाला आहे.

या मिश्रणाचे पाच गट पाडता येतात. पहिला बंधक, तो बहुधा फिनॉलिक रेझिनचा असतो व इतर सर्व पदार्थांना एकत्र धरून ठेवतो. दुसरा तंतूंचा, पोलाद, ॲरामिड, काच किंवा खनिज यांचे तंतू मिश्रणास बळकटी देतात. तिसरा घर्षण वाढविणाऱ्या कठीण कणांचा. ॲल्युमिना व झिरकॉन ही त्याची उदाहरणे. चौथा घर्षण आटोक्यात ठेवणाऱ्या वंगणांचा. ग्राफाइट व काही धातूंची सल्फाइडे त्यात येतात. पाचवा बेराइटसारख्या भरताचा. याखेरीज जो ‘घर्षणचूर्ण’ नावाचा पदार्थ आवाज व झीज कमी करण्यासाठी मिसळतात, तो काजूच्या टरफलातील तेलापासून तयार होतो. कोकण व गोव्यातील काजूच्या कारखान्यांत गर काढून झाल्यावर उरणाऱ्या टरफलांस अशा रीतीने मोटार-उद्योगात स्थान मिळाले आहे.

तापल्यावर यांपैकी सर्वांत आधी हार खातो तो बंधक. सुमारे ३०० अंशांपुढे रेझिनचे विघटन होऊ लागते आणि त्यातून निघणारे वायू व द्रव पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतात. घर्षणगुणांक उतरतो, आणि पेडल कठीण लागत असूनही गाडी थांबत नाही. यालाच ब्रेकचे ‘मंदावणे’ म्हणतात. चांगल्या पॅडमध्ये रेझिनचे प्रमाण, त्याचा दर्जा व भट्टीतील पक्वता यांची योजना अशी केलेली असते की, ही घसरण उशिरा व्हावी, थोडी व्हावी, आणि डिस्क थंड झाल्यावर घर्षण पूर्ववत् व्हावे. स्वस्त पॅडमध्ये काटकसर होते ती नेमकी येथे, आणि ती डोळ्यांस दिसत नाही.

५. प्रचलित प्रकार

अर्ध-धातवी पॅडमध्ये पोलादी तंतू व लोहचूर्ण यांचे प्रमाण मोठे असते. उच्च तापमान ते चांगले सोसतात. परंतु थंड असताना त्यांची पकड तुलनेने कमी असू शकते, आवाज अधिक होतो, आणि धातू उष्णतेचा सुवाहक असल्याने डिस्कवरील उष्णता ते पिस्टनपर्यंत व तेथून ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोहोचवितात. अल्प-धातवी पॅड युरोपीय मोटारींत विशेष आढळतात. त्यांचे घर्षण उच्च व स्थिर असते, पण डिस्कला कुरतडून ते हे साधतात. त्यामुळे धूळ पुष्कळ पडते व डिस्कही झिजते. अधातवी सेंद्रिय पॅड जपानी परंपरेतील मोटारींत रूढ आहेत. डिस्कवर स्वतःच्याच द्रव्याचा पातळ थर चढवून त्या थरावर घासणे ही त्यांची रीत. ते शांत, स्वच्छ व डिस्कला सौम्य असतात. मात्र त्यांची उष्णता सोसण्याची मर्यादा सामान्यतः कमी असते.

‘सिरॅमिक’ म्हणून विकले जाणारे पॅड बहुतांशी या तिसऱ्या प्रकाराचेच सुधारलेले रूप होत. त्यांत सिरॅमिक तंतू किंवा कण असतात, पण बंधक रेझिनच असते. महागड्या क्रीडा-मोटारींतील कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा संबंध नाही. या एका शब्दावरून पॅड अधिक उष्णता सोसेल असे अनुमान काढता येत नाही. शर्यतीसाठी बनविलेल्या पॅडबाबत भ्रम उलट दिशेचा असतो. तो पॅड तापल्यावरच नीट काम करतो. सकाळी घराबाहेर पडताच एखादे मूल आडवे आले, तर त्या थंड क्षणी तो कमी पडण्याचा संभव असतो.

यावरून असे दिसून येते की, कोणताही प्रकार सर्वार्थाने श्रेष्ठ नाही. मोटारीचा ब्रेक ज्या प्रकारच्या पॅडसाठी रचलेला आहे तोच प्रकार घेणे हा सर्वांत सुरक्षित नियम होय.

६. खुणा व त्यांचा अर्थ

पॅडच्या कडेवर किंवा पाठपट्टीवर पुष्कळदा अक्षरे छापलेली असतात. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनियर्सच्या पद्धतीनुसार त्यांतील शेवटची दोन रोमन अक्षरे घर्षणगुणांकाची श्रेणी दर्शवितात. ‘डी’ म्हणजे ०.१५ ते ०.२५, ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर सामान्य तापमानाचे व दुसरे उच्च तापमानाचे असते. अर्थात् ‘एफ-एफ’ पॅड तापल्यावरही आपल्या श्रेणीत राहतो, तर ‘एफ-ई’ पॅड खाली उतरतो.

ही खूण उपयुक्त असली तरी तिच्या मर्यादा जाणून घ्याव्या लागतात. ती सुमारे २५ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी तुकड्यावर प्रयोगशाळेत केलेल्या चाचणीवरून दिली जाते. प्रत्यक्ष मोटारीवरून नव्हे. शिवाय ०.३६ व ०.४४ हे दोन्ही आकडे ‘एफ’ श्रेणीतच मोडतात. पॅडची झीज, आवाज किंवा बळकटी यांविषयी ही अक्षरे काहीच सांगत नाहीत.

याहून अधिक अर्थपूर्ण खूण संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या विनियम क्रमांक ९० ची होय. हा विनियम बदली घर्षणभागांसाठीच आहे. त्यानुसार बदली पॅडची तुलना त्या मोटारीच्या मूळ पॅडशी करतात, आणि समान दाबास मिळणारे मंदन मूळच्या १५ टक्क्यांच्या आत असावे अशी अट घालतात. तापलेल्या स्थितीतील कार्य, निरनिराळ्या वेगांवरील वर्तन, घर्षणद्रव्य पाठपट्टीपासून सुटण्यास होणारा विरोध व दाबाखालील संकोच यांचीही परीक्षा होते. ही कसोटी ‘अधिक घर्षण’ मागत नाही, ‘मूळच्याइतके घर्षण’ मागते. तिच्यामागील तत्त्व पुढील परिच्छेदात स्पष्ट होईल.

७. दोन आसांमधील समतोल

ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढे झुकतो. गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंचीवर व दोन आसांतील अंतर २.५ मीटर असलेल्या मोटारीत ०.८ पट मंदनाच्या वेळी एकूण वजनाचा सुमारे १८ टक्के भाग मागून पुढे जातो. स्थिर अवस्थेत पुढे ६० व मागे ४० टक्के असलेला भार त्यामुळे ७८ व २२ टक्के होतो. मागील टायरांची पकड या प्रमाणात घटलेली असते. यास्तव मागील ब्रेक पुढील ब्रेकांच्या आधी जाम होणार नाहीत अशी विभागणी रचनाकार करतो. पुढील चाके आधी जाम झाल्यास मोटार वळत नाही, पण सरळ जाते. मागील चाके आधी जाम झाल्यास मोटार स्वतःभोवती फिरते.

या विभागणीत घर्षणगुणांक गृहीत धरलेला असतो. पुढे कमी घर्षणाचे स्वस्त पॅड आणि मागे मूळचेच ठेवले, किंवा मागे अधिक ‘पकडणारे’ पॅड घातले, तर वाटणी बदलते. चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा हा दोष बऱ्याच अंशी झाकते. परंतु तिने मागील दाब आवरला तरी पुढील पॅडची उणीव भरून निघत नाही. एकाच आसाच्या दोन चाकांवर निरनिराळे पॅड घालणे तर सर्वथा वर्ज्य होय. कारण मोटार अधिक घर्षणाच्या बाजूस ओढली जाते. पॅड नेहमी आसाच्या दोन्ही चाकांवर एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलावेत.

८. डिस्क, ब्रेक ऑइल व बसविण्याची रीत

उत्तम पॅडही खराब डिस्कवर अपेक्षित कार्य करीत नाही. डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. त्याहून पातळ झालेली डिस्क कमी उष्णता साठवू शकते व म्हणून लवकर तापते. जुन्या पॅडचा थर चढलेल्या डिस्कवर वेगळ्या प्रकारचा पॅड घातल्यास दोन द्रव्यांची विसंगती होते. अशा वेळी डिस्क घासून स्वच्छ करणे आवश्यक असते. पहिले काही शे किलोमीटर कठोर ब्रेक टाळून मध्यम ब्रेक लावीत गेल्यास पॅडचे पृष्ठ डिस्कशी जुळते व थर समान चढतो. नवा पॅड बसवून लगेच घाट उतरू नये, या सल्ल्यामागील कारण हेच.

ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, परंतु ओल शोषलेल्या ऑइलची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ‘डॉट ४’ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. ऑइल उकळले म्हणजे त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळापर्यंत जाते. पॅडचे मंदावणे व ऑइलचे उकळणे यांतील हा भेद निदानास उपयोगी पडतो: पहिल्यात पेडल कठीण राहते, दुसऱ्यात ते मऊ पडते. दुसरा दोष पॅड बदलून जात नाही.

पावसाळी व किनारपट्टीच्या हवेत आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते. पॅडच्या पोलादी पाठपट्टीवर गंज चढला की तो घर्षणद्रव्यास आतून उचलतो आणि काही वेळा संपूर्ण थरच सुटून येतो. थर पुरेसा जाड दिसत असला तरी तो पट्टीस चिकटलेला आहे की नाही हे तपासले पाहिजे. विद्युत् मोटारींत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. कारण त्यांत मंदनाचे बरेचसे काम विद्युत् मोटर करते, पॅड क्वचितच वापरले जातात, आणि त्यामुळे झिजण्याऐवजी गंजतात. जुने पॅड काढताना कॅलिपरमधील धूळ फुंकून अथवा दाबाच्या हवेने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी. खूण नसलेल्या जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसेलच याची शाश्वती नसते.

ही धूळ आता सार्वजनिक प्रश्नही झाली आहे. पॅडमधील तांबे पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत जाऊन माशांस अपाय करते म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये त्याच्या वापरावर क्रमशः मर्यादा घातली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये स्वीकारलेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांसही प्रथमच मर्यादा घातली आहे. त्यामुळे पॅडचे मिश्रण पुन्हा एकदा बदलत आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम ठरविता येतो. प्रथम, मोटारीच्या उत्पादकाने नेमलेला प्रकार कोणता हे पाहावे. दुसरे, बदली पॅड मूळ पॅडशी तुलना करून पारखलेला असल्याची खूण आहे काय हे पाहावे. तिसरे, श्रेणीची अक्षरे असल्यास दुसरे अक्षर पहिल्याच्या खाली नाही याची खात्री करावी. चौथे, डिस्कची जाडी व ब्रेक ऑइलचे वय तपासावे. या चार कसोट्यांतून जे पॅड उरतील, त्यांच्यातच किंमत, धूळ व आवाज यांचा विचार करावा. हा क्रम उलटा केल्यास, म्हणजे किमतीपासून आरंभ केल्यास, वाचलेल्या पैशाचा हिशेब दुकानात लगेच होतो. गमावलेल्या स्थैर्याचा हिशेब मात्र घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत होत नाही.